अँटिव्हायरस म्हणतो ‘बूट सेक्टर वाचता आला नाही’, तेव्हा काय करायचं

बेळगावच्या वडगावात आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. पुढच्या सोप्यात दोन माग चालतात आणि मधल्या खोलीत मुलीचा कॉम्प्युटर आहे. एके सकाळी त्यांचा फोन आला. “अगं, व्हायरस पार मुळाला लागलाय म्हणं. दुकानातला पोरगा म्हणतोय फॉरमॅट मारायला पाहिजे. पोरीचं प्रोजेक्ट त्यात आहे, ह्यांच्या बाबांचे फोटो पण त्यातच. तू येऊन बघ की जरा.”

जाऊन बघितलं तर अँटिव्हायरसचा अहवाल पडद्यावर तसाच उघडा होता. ई, एफ, जी आणि एच या चार ड्राइव्हचा बूट सेक्टर उघडता आला नाही, चारही ओळींच्या शेवटी एरर २१, आणि सगळ्यात खाली ‘सापडलेले व्हायरस : ०’. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला कार्ड रीडर होता. त्याला चार खाचा, चारही रिकाम्या. अँटिव्हायरसने प्रत्येक खाचेत डोकावून बघितलं, आत कार्ड नव्हतं, आणि त्याने प्रामाणिकपणे तसं लिहिलं. फॉरमॅट मारण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरोघरी कॉम्प्युटर आले, पण त्यांच्याबद्दल मराठीत नीट सांगणारं हाताशी फार कमी मिळतं. संदेश इंग्रजीत, अर्ज कन्नडमध्ये, आणि घरात बोलणं मराठीत. त्यामुळे ‘बूट सेक्टर’ आणि ‘एरर’ हे दोन शब्द एका ओळीत दिसले की माणूस घाबरतो आणि पहिल्या भेटणाऱ्याचं ऐकतो. एवढ्या एका घाबरण्यापायी लोकांचे फोटो, हिशेब, प्रबंध पुसले गेलेले मी बघितले आहेत. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. घाई करू नका, एकेक पायरी करत या.

बूट सेक्टर म्हणजे काय, थोडक्यात

कॉम्प्युटर सुरू झाला की डिस्कवरची सगळ्यात पहिली जागा वाचतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ही जागा फक्त ५१२ बाइटांची असते. मराठी युनिकोडमधलं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे या जागेत आपली १७० चिन्हंच मावतील, दोन-तीन ओळी. त्या ५१२ पैकी ४४६ बाइटांत सुरुवातीचा छोटा प्रोग्राम असतो, ६४ बाइटांत डिस्कचे भाग कुठून कुठे आहेत त्याचा तक्ता आणि शेवटच्या २ बाइटांत ‘इथे सुरुवात आहे’ अशी खूण. याला मास्टर बूट रेकॉर्ड, थोडक्यात एमबीआर म्हणतात. शिवाय सी, डी अशा प्रत्येक भागाला आपापला बूट सेक्टर असतो तो वेगळा.

या जागेत व्हायरस शिरला तर तो विंडोजच्याही आधी जागा होतो, म्हणून अँटिव्हायरस तिची वेगळी तपासणी करतो. आयबीएम पद्धतीच्या पीसीवरचा पहिला व्हायरस समजला जाणारा ‘ब्रेन’ १९८६ साली लाहोरात तयार झाला, तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच बसायचा. ६ मार्चला जागा होऊन डिस्क खराब करणारा ‘मायकेलएंजेलो’ त्याच जातीचा. २०१६ च्या ‘पेट्या’नेही डिस्कची हीच जागा बदलून लोकांकडे खंडणी मागितली. धोका खरा आहे. पण ‘वाचता आला नाही’ आणि ‘व्हायरस सापडला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पुढची प्रत्येक पायरी यातलं कोणतं वाक्य तुमच्या पडद्यावर आहे यावर ठरते.

पहिलं काम : फोटो काढा, बटण दाबू नका

मोबाइलने पडद्याचा फोटो काढा. ड्राइव्हचं अक्षर, एररचा आकडा, व्हायरसचं नाव दिलं असेल तर ते, सगळं फोटोत आलं पाहिजे. संदेशाखाली ‘रिपेअर’, ‘फिक्स’, ‘डिलीट’ असं काही असेल तर आत्ता त्याला हात लावू नका. बूट सेक्टर ही फाइल नव्हे. चुकीच्या वेळी ‘दुरुस्त’ केला तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

डिस्कमधून टक् टक् किंवा खरडल्यासारखा आवाज येत असेल तर कॉम्प्युटर बंद करा आणि थेट खालचा खानापूरचा प्रसंग वाचा. आवाज नसेल तर पुढचं काम करा.

दुसरं काम : जे परत मिळणार नाही ते आधी बाहेर काढा

बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या आणि फोटो, शाळा-कॉलेजची कामं, हिशेब, दस्तऐवजांच्या स्कॅन प्रती त्यावर कॉपी करा. कट करू नका, कॉपी करा. विंडोज, गाणी, सिनेमे हे सगळं परत मिळतं. लग्नातले फोटो आणि शेताच्या उताऱ्यावर कुणी केलेली टिपणं परत मिळत नाहीत. लोक डेस्कटॉपवरचं उचलतात आणि ‘डाउनलोड्स’ विसरतात. ऑनलाइन काढलेले उतारे, दाखले, फी भरल्याच्या पावत्या तिथेच पडलेल्या असतात, तोही फोल्डर उचला.

कॉपी झाली की त्यातले चार-पाच फोटो आणि एखादी फाइल बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघा. मग ती डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा आणि दुरुस्ती संपेपर्यंत परत लावू नका. पडद्यावर व्हायरसचं नाव आलेलं असेल तर ही डिस्क दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावण्याआधी तिथे स्कॅन करून घ्यायची, हे तिच्यावर कागद चिकटवून लिहून ठेवा.

तिसरं काम : अक्षर कुठलं, आकडा कुठला

आता फोटो उघडून अक्षर बघा. सी असेल, किंवा ‘फिजिकल ड्राइव्ह ०’ असं असेल, तर ती बहुधा तुमची मुख्य डिस्क. कॉम्प्युटर डिस्क मोजताना शून्यापासून मोजतो, हे नवख्यांना माहीत नसतं. ई, एफ, जी, एच असेल तर बहुतेक कार्ड रीडर, सीडी ड्राइव्ह किंवा पेन ड्राइव्ह.

काकूंची मुलगी मला म्हणाली, “पण मावशी, आमच्यात एफ ड्राइव्हच नाही.” तिचं खोटं नव्हतं. रिकामे ड्राइव्ह विंडोज ‘धिस पीसी’मध्ये मुद्दाम लपवतं, तशी मूळची सेटिंगच आहे. अँटिव्हायरसला मात्र ते दिसतात. तुम्हाला ते बघायचे असतील तर विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खाली डिस्क ०, डिस्क १ अशा पट्ट्या दिसतील. ज्या पट्टीवर ‘नो मीडिया’ लिहिलंय ती रिकामी खाच. फोटोतलं अक्षर तिच्याशी जुळलं तर निम्मं ओझं उतरलं म्हणून समजा.

आता आकडा. विंडोजकडे प्रत्येक आकड्याचा अर्थ ठरलेला आहे आणि तो विचारताही येतो. स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. पुढची इंग्रजी अक्षरं मी फोनवर सांगते तशी सुटी सुटी लिहिते : एन-ई-टी, एक जागा सोडा, एच-ई-एल-पी-एम-एस-जी, परत एक जागा, मग तो आकडा, आणि एंटर. विंडोज एका ओळीत अर्थ सांगेल. घरी वारंवार दिसणारे एवढे :

५ म्हणजे परवानगी नाकारली. २१ म्हणजे उपकरण तयार नाही, ही रिकाम्या खाचेची खूण. ३२ म्हणजे ती जागा दुसऱ्या प्रोग्रामने अडवून ठेवली आहे. २३ म्हणजे वाचलेला मजकूर तपासणीत जुळत नाही. मोठ्या आकड्यांपैकी फक्त १११७ लक्षात ठेवा : उपकरणाशी देवाणघेवाण करतानाच अडचण आली. २३ आणि १११७ मुख्य डिस्कवर दिसले तर ते गंभीर समजा.

काही अँटिव्हायरस आकडा संगणकी मोजणीत छापतात. तिथे ‘शून्य एक्स १५’ दिसलं तर ते आपलं २१, आणि ‘शून्य एक्स १७’ म्हणजे २३. पंधरा बघून गोंधळू नका.

आकडा ५ असेल तर

बहुतेक वेळा मुलांसाठी वेगळं खातं काढलेलं असतं आणि स्कॅन त्या खात्यातून चालवलेला असतो. डिस्कची पहिली जागा थेट वाचायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग ‘युअर इन्फो’ उघडा. नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेलं नसेल तर मोठ्यांच्या खात्यात जा. अँटिव्हायरसच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि पुन्हा स्कॅन करा. मुलांचं खातं साधंच राहू द्या, ते बरोबर केलेलं आहे.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक कारण असतं. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं आणि एखादा भाग उघडलेला नसतो. ‘धिस पीसी’मध्ये त्या ड्राइव्हवर कुलपाचं चित्र दिसेल. पासवर्ड देऊन उघडा आणि मग स्कॅन करा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न विचारता सुरू झालेलं असतं. म्हणून आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची रिकव्हरी की शोधा. ती ४८ अंकांची असते. वहीत उतरवून घ्या आणि उतरवलेले अंक दुसऱ्या कुणाकडून वाचून तपासून घ्या. पुढे कुठे बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) बदल केला आणि लॅपटॉपने ही की मागितली, तर ती नसताना तुमची डिस्क कुणालाही उघडता येणार नाही.

आकडा २१ असेल तर

अक्षर रिकाम्या खाचेचं आहे एवढं पटलं की काम जवळजवळ संपलं. पेन ड्राइव्ह, मोबाइलची वायर, सीडी काढून ठेवा आणि परत स्कॅन करा. संदेश दर वेळी येऊन त्रास देत असेल तर अँटिव्हायरसच्या स्कॅन सेटिंगमध्ये ते ड्राइव्ह वगळा, किंवा कार्ड रीडर वापरतच नसाल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून तो बंद करा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये अक्षर ए दिसलं तर ती फ्लॉपी. फ्लॉपी ड्राइव्ह कधीच काढून टाकलेला असतो, पण बायोसमध्ये तो ‘आहे’ असंच राहिलेलं असतं. तिथे ‘डिसेबल्ड’ करायचं. काकूंकडे आम्ही कार्ड रीडर बंद केला आणि स्कॅन परत लावला. मागांचा खडखडाट चालूच होता, चहा होईपर्यंत स्कॅन संपला, आणि अहवालात एकही तक्रार नव्हती.

आकडा ३२ असेल तर

दोन अँटिव्हायरस एकदम बसवलेले नाहीत ना, ते बघा. लॅपटॉप घेताना एक फुकट आलेला असतो, त्याची मुदत संपलेली असते, मग कुणीतरी दुसरा घालून देतं आणि पहिला कुणी काढत नाही. दोघंही तीच जागा धरायला बघतात. एक ठेवा. दुसरा काढताना आधी सेटिंग्जमधून काढा आणि त्या कंपनीचं अधिकृत काढणी-साधन असेल तर तेही चालवा, नाहीतर त्याचे खोलवरचे तुकडे मागे राहतात. घरच्या वापराला विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे देऊन घेतलेला दुसरा असेल तर तो खुशाल ठेवा, डिफेंडर आपणहून बाजूला होतो.

आकडा २३ किंवा १११७ : इथे सावकाश

खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या एका गावात एक शिक्षक राहतात. पावसाळ्यात तिकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, भिंतींना ओल येते आणि वीज दिवसातून किती वेळा जाते ते मोजायचं सोडून द्यावं लागतं. त्यांच्या कॉम्प्युटरला यूपीएस नव्हता. अँटिव्हायरस ‘डिस्क ० चा बूट सेक्टर वाचता आला नाही’ म्हणायचा, परत लावला की वाचायचा, तिसऱ्यांदा परत नाही. मी गेले तेव्हा कॅबिनेटला कान लावला. सुरू होताना नीट घरघर, मग थांबून टक्, टक्, टक्, आणि परत घरघर. डिस्क मरणाला टेकली की असा आवाज येतो. आत वाचणारा काटा जागा शोधतो, सापडत नाही म्हणून मागे जातो, परत शोधतो.

अशा वेळी स्कॅन करायचा नसतो. प्रत्येक वाचनाने उरलेलं आयुष्य कमी होतं. आम्ही अँटिव्हायरस बंद केला आणि गुरुजींना विचारलं, सगळ्यात आधी काय वाचवायचं? त्यांनी वीस वर्षांच्या वर्गांची निकालपत्रकं सांगितली, मग नातवाचे फोटो, मग बाकीचं. त्याच क्रमाने एकेक फोल्डर उचलला. एखादी फाइल अडकली की तिथे हट्ट न करता ‘स्किप’ करून पुढे गेलो. दुपारपर्यंत बहुतेक सगळं निघालं. संध्याकाळी दिवे गेले, आले, आणि त्यानंतर ती डिस्क बायोसला दिसलीच नाही. त्या दिवशी आम्ही आधी ‘रिपेअर’ लावत बसलो असतो तर निकालपत्रकं गेली असती.

आवाज नसेल, तर आधी साधी कारणं बघा. कॉम्प्युटर बंद करा, मेन स्विच काढा, आणि डेस्कटॉप असेल तर डिस्कची केबल दोन्ही बाजूंनी काढून परत घट्ट बसवा. ओल असलेल्या घरांत टोकांवर काळपट थर धरतो आणि मागाशेजारच्या खोल्यांत सुताचा बारीक कचरा आत जाऊन बसतो. केबल बदलायला फार पैसे लागत नाहीत, बदलून बघा.

मग डिस्कची तब्येत तपासा. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हा फुकट प्रोग्राम अधिकृत ठिकाणाहून घ्या. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. खाली तक्ता असतो, त्यात चार ओळी शोधा. ०५ ही बदली दिलेल्या खराब जागांची, सी५ ही संशयित जागांची, सी६ ही दुरुस्त न होणाऱ्या जागांची. या तिघींत शून्यापेक्षा मोठा आकडा असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर नवी डिस्क घ्यायची वेळ झाली. चौथी सी७. फक्त तीच वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, डिस्कचा नाही. या एका ओळीने एखाद्याचे नव्या डिस्कचे पैसे वाचतात. एसएसडी, म्हणजे आत फिरणारं काही नसलेली नवी डिस्क, असेल तर आवाजाची वाट बघू नका, ती न बोलता जाते.

तब्येत निळी निघाली आणि कॉपी हाताशी असली की मगच चेकडिस्क. सी-एम-डी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि लिहा : सी-एच-के-डी-एस-के, जागा, सी, कोलन. एवढंच लिहिलं तर तो नुसता बघतो, काही बदलत नाही. चुका दाखवल्या तर शेवटी एक जागा सोडून तिरपी रेघ आणि एफ जोडा. तो ‘पुढच्या वेळी सुरू होताना करू का’ विचारेल, वाय दाबा आणि कॉम्प्युटर परत सुरू करा. तिरपी रेघ आणि आर हा प्रकार सगळी डिस्क जागा-जागा चाचपतो, त्याला कित्येक तास लागतात आणि आजारी डिस्कला तो झेपत नाही. मध्येच वीज गेली तर वेगळं नुकसान. यूपीएस नसेल तर पावसाळी दिवशी हे काम सुरूच करू नका.

आता दुसरं वाक्य : ‘व्हायरस सापडला’

नाव दिलं असेल तर इथेही एक श्वास घ्या आणि आठवा : अलीकडे या कॉम्प्युटरवर कुणी उबंटू किंवा दुसरी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) घातली होती का? इंजिनिअरिंगची मुलं घालतात. लिनक्स आपला ग्रब नावाचा प्रोग्राम सुरुवातीच्या जागी ठेवते आणि काही अँटिव्हायरस ‘बूट सेक्टर बदललाय’ अशी हाक देतात. जुन्या लॅपटॉपांत कंपनीचा ‘एका बटणात पूर्ववत’ करणारा प्रोग्रामही तिथेच असायचा. काही जुनी महागडी सॉफ्टवेअरं परवान्याची खूण पहिल्या सेक्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत लिहायची. संदेशात ‘बदललेला’, ‘अनोळखी’ असे शब्द असतील आणि तुमच्याकडे यातलं काही असेल, तर तो बदल तुमच्या माणसाने केलेला असू शकतो.

तसं काही नसेल तर संसर्ग खरा धरा आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘स्कॅन ऑप्शन्स’, शेवटी ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडून ‘स्कॅन नाऊ’. उघडी कामं आधी सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर परत सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उठायच्या आत तपासणी होते. साधारण १५ मिनिटं लागतात. बूटमध्ये लपलेला व्हायरस विंडोज चालू असताना अँटिव्हायरसला खोटी, स्वच्छ जागा दाखवू शकतो, म्हणून ही तपासणी विंडोजच्या बाहेरून करायची. निकाल ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये मिळेल. दुसरा अँटिव्हायरस असल्यामुळे हा पर्याय दिसला नाही, तर त्याच्यात ‘बूट टाइम स्कॅन’ आहे का बघा. पुण्याच्या क्विक हीलमध्ये तो असतो.

एवढ्याने गेला नाही तर शेजाऱ्याच्या स्वच्छ कॉम्प्युटरवर रेस्क्यू पेन ड्राइव्ह (विंडोजशिवाय सुरू होणारा अँटिव्हायरस असलेला) तयार करून त्यावरून सुरू करायचं. आजारी कॉम्प्युटरवरच तो पेन ड्राइव्ह तयार केला तर उपयोग नाही.

फिक्स एमबीआरची घाई

चित्रफिती बघून लोक थेट ‘बूटरेक’मधला ‘फिक्स एमबीआर’, म्हणजे डिस्कची सुरुवातीची जागा नव्याने लिहिणारा आदेश, चालवतात. त्याआधी एक तपासणी करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘डिस्क ०’ या शब्दांवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘व्हॉल्यूम्स’. तिथे ‘पार्टिशन स्टाइल’पुढे जीपीटी असेल तर तुमचा कॉम्प्युटर नव्या पद्धतीने सुरू होतो, तो त्या ५१२ बाइटांतला प्रोग्राम वापरतच नाही. फिक्स एमबीआर चालवून तिथे काही साधत नाही.

एमबीआर असेल तर हा आदेश फक्त सुरुवातीचा प्रोग्राम नवा लिहितो, भागांचा तक्ता तसाच ठेवतो. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण ग्रब असेल तर तो जातो आणि लिनक्स सुरू होत नाही. आणि काही व्हायरस मूळ तक्ता उचलून, गुप्त करून दुसरीकडे ठेवतात. जुना ‘मंकी’ असंच करायचा. अशा डिस्कवर व्हायरस काढण्याआधी नवा प्रोग्राम लिहिला तर तक्ता शोधून देणाराच पुसला जातो आणि डिस्क रिकामी दिसायला लागते. म्हणून क्रम कायम असा : कॉपी, मग व्हायरस काढणं, मग गरज उरलीच तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून, ‘ट्रबलशूट’मधल्या काळ्या खिडकीत हा आदेश.

हा आला कुठून

घरोघरी मला दोन वाटा दिसतात. एक पेन ड्राइव्ह. लग्नपत्रिकेचा मजकूर, झेरॉक्सच्या दुकानातली प्रिंट, क्लासच्या नोट्स, एकच पेन ड्राइव्ह चार गल्ल्या फिरून घरी येतो. कॉम्प्युटर सुरू करताना तो लावून ठेवू नका आणि बायोसच्या बूट क्रमात घरची डिस्क पहिली ठेवा. दुसरी वाट फुकटचं विंडोज. ‘विंडोज मारून देतो’ म्हणणारे ते चालू ठेवायला ॲक्टिव्हेटर घालतात, आणि त्यातले काही जुने प्रकार सुरुवातीच्या जागेतच फेरफार करायचे. ते घालताना ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगितलं जातं. जे घालायला पहारेकरी झोपवावा लागतो ते घरात घेऊ नका.

कॉम्प्युटर नव्या पद्धतीचा असेल तर सिक्युअर बूट चालू आहे का बघा. स्टार्टमध्ये एम-एस-आय-एन-एफ-ओ-३-२ लिहा, ‘सिक्युअर बूट स्टेट’पुढे ‘ऑन’ दिसायला हवं. ते चालू असेल तर सही नसलेला प्रोग्राम सुरुवातीला चालत नाही. ‘ऑफ’ असेल आणि बिटलॉकर असेल, तर बदलण्याआधी ती ४८ अंकांची वही जवळ घेऊन बसा. विंडोज १० वाल्यांसाठी : १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला आहे, नवं घेण्याचा विचार चालू ठेवा. आणि संसर्ग खरा निघाला असेल तर बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून बदला.

दुकानात द्यायची वेळ आली तर

डिस्क लाल दाखवत असेल आणि कॉपी झालेली नसेल, किंवा कॉम्प्युटर सुरूच होत नसेल, तर घरी प्रयोग थांबवा आणि जाणत्याकडे द्या. बेळगावच्या खडे बाजारात द्या नाहीतर तुमच्या गावात द्या, पण तुमच्या समोर तीन गोष्टी ठरवून घ्या : तुम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही, जुनी डिस्क बदलली तरी ती परत हवी, आणि पावतीवर डिस्कचा सीरियल नंबर लिहायचा. एररचा फोटो त्यांना दाखवा. आणि एका कागदावर ‘फॉरमॅट करू नये, आधी फोन करावा’ असं मोठ्या अक्षरांत, खाली आपला नंबर टाकून, कॅबिनेटला चिकटपट्टीने लावा. मराठीत लिहा आणि खाली कन्नडमध्येही लिहून घ्या, कारण काउंटरवर घेणारा आणि आत बसून खोलणारा पोरगा वेगळा असतो.